नंदगडकर सरांची मुदतवाढ आणि माझं पत्रक

“हे कुणी लिहिलंय?”

आप्पासाहेबांनी कागद टेबलावर आपटला. गुलाबी कागद, काळी शाई, वर जाड टाइपात तीन वेळा ‘अन्याय’. खाली नाव नव्हतं. तरी कमिटीतले पाचही जण कागदाकडे न बघता माझ्याकडे बघत होते.

“मी,” मी म्हणालो.

“वाटलंच मला. ए पत्रकवाल्या, तू जिमखान्याचा क्लार्क हाईस का वकील?”

“क्लार्क आहे. पण डोळे उघडे ठेवून काम करतो.”

“बरं झालं. मग वाच की ही ओळ. मोठ्यानं वाच.”

मी वाचलं. ‘नंदगडकर सर म्हणजे क्रीडाक्षेत्रातला सिंह, त्यागाची मूर्ती. अशा नररत्नाला नारळ देऊ पाहणारी कमिटी ही विद्यार्थ्यांच्या भवितव्याची वैरी आहे.’

“सिंह!” आप्पासाहेब म्हणाले. “आणि सिंहाला टोपलीत चेंडू टाकायला आम्ही पगार देतोय व्हय रं?”

तिघे हसले. प्रिन्सिपॉलसाहेब हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला. ते चष्मा पुसायला लागले की कुणाची तरी नोकरी जाणार असं ऑफिसात समजत.

प्रश्न साधा होता. मारुती नंदगडकर हे आमच्या बेळगावच्या कॉलेजचे फिजिकल इन्स्ट्रक्टर. मुलं त्यांना कोच म्हणत. नेमणूक दोन वर्षांच्या करारावर होती आणि मार्चअखेर करार संपत होता. कमिटीला वाटलं तर पुढे तीन वर्षांची मुदतवाढ, नाही वाटलं तर रामराम. कमिटी म्हणजे जिमखाना कमिटी. तिचे अध्यक्ष आप्पासाहेब, निपाणीचे तंबाखूचे व्यापारी. मैदानाला कुंपण त्यांनी घातलेलं, पॅव्हेलियनवर पत्रे त्यांनी टाकलेले. त्यांच्या मनात बास्केटबॉलचं कोर्ट उकरून तिथे कुस्तीचा आखाडा करायचा होता. धारवाडला आमचा संघ पार धुऊन निघाला, तेव्हा त्यांना आयतंच कारण मिळालं.

“शनिवारी पुन्हा बसू,” आप्पासाहेब उठताना म्हणाले. “तवर ह्या कोचनं दोन वर्षांत काय केलं ते कागदावर आण. सिंह-बिंह नको. काय केलं, तेवढंच.”

मी तणतणत बाहेर आलो. दोन वर्षं घाम गाळलेल्या माणसाला एका हरलेल्या मॅचवरून हाकलायचं? पैसेवाला म्हणाला की मैदानाचा आखाडा, पुन्हा म्हणाला की आखाड्याची वखार? माझ्या डोक्यात दुसऱ्या पत्रकाची पहिली ओळ तयारसुद्धा झाली होती.

माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. बेचाळीसच्या चळवळीच्या दिवसांत मी पत्रकं लिहायचो आणि छापायचोही. दोन महिने आत बसून आलो. नंतर कॉलेजात चिकटलो. जिमखाना क्लार्कचं काम म्हणजे जाळ्या, बॅटी, चेंडू यांचा हिशेब ठेवायचा, सामन्यांची पत्रं लिहायची, जिमखान्याच्या नावानं येणारं टपाल बघायचं. काम कंटाळवाणं होतं, पण पत्रक लिहिण्याची खोड गेली नव्हती. अन्याय दिसला की हात शिवशिवायचा. न दिसला तरी शिवशिवायचा, हे तेव्हा कळत नव्हतं.

आता खेळाबद्दल. बास्केटबॉल म्हणजे दोन खांब, त्यावर फळ्या, फळ्यांना लोखंडी कडी. चेंडू कडीतून गेला की दोन गुण, फाउलबद्दल मिळालेला चेंडू गेला तर एक. आमच्या पुस्तकात, म्हणजे कॉलेजात असलेल्या एकमेव नियमपुस्तकात, असं लिहिलं होतं की प्रत्येक बास्केट झाली की चेंडू परत मैदानाच्या मध्यावर आणायचा. तिथे दोन्हीकडचा एकेक गडी समोरासमोर उभा राहणार. अंपायर चेंडू दोघांच्या मधून वर फेकणार. जो उंच उडी मारून चेंडू आपल्या गड्याकडे ढकलेल, त्याचा चेंडू. याला सेंटर जंप म्हणतात.

कंग्राळीचा परशराम आमच्या संघात होता. शेतकऱ्याचं पोर, ताडासारखं उंच. तो उडाला की चेंडू आमचाच. आम्ही बास्केट केली तरी पुन्हा जंप, पुन्हा परशा, पुन्हा चेंडू आमचा. समोरच्या संघाला चेंडूला हात लावायलाही मिळत नसे. नंदगडकर सरांनी सगळा खेळ परशाच्या उडीभोवती बांधला होता. बेळगावात कुणी आम्हाला हरवत नव्हतं. लढाईमुळे बाहेरगावचे सामने बंद होते. लढाई संपली, झोनचे सामने पुन्हा सुरू झाले, आणि आम्ही धारवाडला गेलो. म्हणजे संघ गेला. मी गेलो नव्हतो. मला फक्त शेवटचा आकडा कळला. एकोणीस विरुद्ध एकोणचाळीस.

त्याच दुपारी मी सरांकडे गेलो. मैदानाच्या कडेला जिमखान्याची एक खोली होती. सर तिथे चेंडूची चामड्याची वादी ओढून बसवत होते. खानापूरकडचा माणूस. आधी लाकडाच्या डेपोत ओंडके मोजायचे, मग कसेबसे मद्रासला जाऊन शारीरिक शिक्षणाचा कोर्स करून आले. मुदतवाढ नाही मिळाली तर परत डेपोत. घरी बायको, दोन मुली, म्हातारी आई.

“सर, धारवाडला कसं हरलो ते सांगा. मला कमिटीपुढे मांडायचंय.”

त्यांनी वादीला गाठ मारली. “तुम्हाला ठाऊक न्हाय?”

“नाही.”

“पहिली बास्केट आम्ही केली. परशा पळत मध्यात जाऊन उभा ऱ्हायला. समोरच्यांनी चेंडू आपल्या कडीखालनं उचलला, लाइनच्या बाहेरनं आत टाकला, आणि चार पासात आमच्यावर बास्केट. आमची पोरं मध्यात उभीच. मी अंपायरला हाक मारली. तो म्हणाला, सेंटर जंप आता न्हाय. बास्केट झाली की चेंडू समोरच्या पार्टीचा. नियम बदललाय. सगळ्या कॉलेजांना सर्क्युलर गेलंय.”

“आपल्याला आलं नाही!”

“मी तुम्हाला तीनदा विचारलं हुतं.”

ते खरं होतं. त्यांनी तीनदा ऑफिसात येऊन विचारलं होतं, नवीन नियमांचं काही आलंय का. मी तीनदा मान हलवली होती.

“म्हणजे मुद्दाम पाठवलं नाही,” मी म्हणालो. “बेळगावची मराठी पोरं पुढे जाऊ नयेत म्हणून केलेला हा डाव आहे, सर! मी सोडणार नाही.”

सरांनी चेंडू जमिनीवर एकदा आपटून बघितला. “धारवाडच्या पोरांनी आम्हाला मॅच झाल्यावर जेवायला बसवलं. मराठी-कानडी कुणी काढलं न्हाय. तुम्ही आधी बघा तरी.”

मला राग आला. सरांचाच आला. इतका पडखाऊ माणूस! मी ऑफिसात परत आलो, दार ओढून घेतलं आणि लिहायला बसलो. ‘सीमेवरच्या तरुणांविरुद्ध कारस्थान.’ अर्धं पान झालं होतं. तेवढ्यात बसप्पा चहा घेऊन आला.

बसप्पा आमचा शिपाई. पन्नाशी उलटलेली, टपाल तोच आणायचा. मी त्याला तावातावानं सगळं सांगितलं. सर्क्युलर कुणी दाबलं असेल, कसं दाबलं असेल, वगैरे. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, “त्या पेटीत बघितलासा काय, अण्णा?”

“कुठल्या पेटीत?”

त्यानं पायानं माझ्या टेबलाखाली दाखवलं.

साबणाची रिकामी लाकडी पेटी होती. लढाईच्या काळात सरकारचं रोज काहीतरी यायचं. फंडासाठी सामने भरवा. मैदानावर भरतीचे बोर्ड लावा. सैनिकांसाठी स्वेटर गोळा करा. पाकिटावर छापलेलं असायचं, ‘ऑन हिज मॅजेस्टीज सर्व्हिस’. मी एकदा ठरवून टाकलं होतं की हिज मॅजेस्टीची सेवा माझ्या टेबलावर होणार नाही. प्रिन्सिपॉलच्या नावाची पाकिटं त्यांच्याकडे जायची. जिमखान्याच्या नावाची पाकिटं मी न उघडता पेटीत टाकायचो. मित्रांत ही गोष्ट मी मोठ्या ऐटीत सांगायचो. लढाई संपली, तरी सवय सुटली नव्हती.

मी पेटी बाहेर ओढली. बसप्पा दारात उभा होता.

पहिली वीसेक पाकिटं फंडाची आणि भरतीचीच निघाली. मला जरा बरं वाटलं. मग एक पातळ पाकीट निघालं. सरकारच्या शारीरिक शिक्षण खात्याकडून. आत दोन छापील पानं. ‘बास्केटबॉल: सुधारित नियम, चालू हंगामापासून लागू.’ दुसरा नियमच सेंटर जंपचा. पोस्टाचा शिक्का धारवाडच्या मॅचच्या सात महिने आधीचा.

त्याच्या खाली आणखी एक पाकीट होतं. त्यावर टाइप केलेलं, ‘फिजिकल इन्स्ट्रक्टर, मार्फत जिमखाना’. नंदगडकर सरांनी स्वतः खात्याला पत्र लिहून नियम विचारले होते, त्याचं हे उत्तर. तेही मीच पेटीत टाकलं होतं.

चहा तसाच राहिला. मला आठवतं, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार सरांचा आला नाही. बसप्पा कुणाला सांगेल का, हा आला. चहाची शेगडी बाहेर व्हरांड्यात पेटलेली होती. दोन कागद. एका मिनिटाचं काम. पेटीत ते होते हे दोघांनाच माहीत, आणि त्यातल्या एकाला वाचता येत नव्हतं.

“काय हाय त्यात?” बसप्पानं विचारलं.

“सर्क्युलर.”

“सापडलं म्हणा की मग,” तो म्हणाला, आणि थंड झालेला चहा उचलून गरम करायला घेऊन गेला.

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडलो असतो, आणि भांडता भांडता कागद कदाचित शेगडीत गेलेही असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी मैदानावर गेलो. दोन वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा. सर चुन्याच्या रेषा मारत होते. मी दोन्ही पाकिटं त्यांच्या हातात दिली. काय झालं ते सांगितलं. काही मऊ केलं नाही.

त्यांनी आधी स्वतःच्या नावाचं पाकीट वाचलं. मग सर्क्युलर. कागद परत पाकिटांत घालून माझ्याकडे दिले. मग म्हणाले, “माझी पोरं तिथं मध्यात उभी ऱ्हायली हुती. लोक हसत हुते. परशा वर बघत उभा. चेंडू वरनं येईल म्हणून.”

“मी कमिटीला सांगणार आहे.”

“सांगा. सांगू नका म्हणणार न्हाय मी. मी काय देवमाणूस न्हाय.” त्यांनी चुन्याचं घमेलं खाली ठेवलं. “आणि ते गुलाबी कागद. त्यात मी सिंह. क्लार्कसाहेब, मी शिकवताना तुम्ही कधी बघितलंय?”

“नाही.”

“मग लिहिलंत कशावरनं?”

मुलं यायला लागली होती. सर म्हणाले, “बसा तिथं. बघा आज.”

मी कुंपणाला टेकून दोन तास बसलो. आमच्या संघात दोन तऱ्हेची पोरं होती. एक कंग्राळी, खानापूरकडची शेतकऱ्यांची. मांड्या खांबासारख्या, पण चेंडू हातात आला की नांगर धरल्यासारखा धरायची. दुसरी शहापूर, वडगावची विणकरांची. लहानपणापासून घरच्या मागाच्या खड्ड्यात बसून वाढलेली. पाय काटकुळे, पण हात वाऱ्यासारखे. ही विणकरांची पोरं राखीव म्हणून बाकावर बसायची, कारण उडीच्या खेळात त्यांचा उपयोग नव्हता. आता सरांनी वडगावच्या दोघांना पुढे घेतलं होतं.

“चेंडू फेकू नको रं,” ते ओरडत होते. “धोटा टाकतोस तसा टाक! धोटा टाकताना तू दुसऱ्या हाताकडं बघतोस व्हय? न्हाय न्हवं? मग हितं कशाला बघतोस?”

धोटा म्हणजे मागावर इकडून तिकडे सुतासकट पळणारी लाकडी नळी. हातमागावरचा विणकर तो न बघता टाकतो आणि न बघता झेलतो. तसाच तो चेंडू त्या दोघांमध्ये पळत होता. इकडून तिकडे, कमरेच्या उंचीवर, मान न वळवता. परशा आता मध्यात नव्हता. कडीखाली उभा होता. चेंडू त्याच्यापाशी पोचला की तो फक्त हात वर करायचा.

“मस्त आहे हे,” मी नंतर म्हणालो. “कधी सुरू केलंत?”

“धारवाडला. इंटरव्हलमध्ये.”

“दहा मिनिटांत?”

“दुसरं काय करणार? नियम बदलला हुता. रडत बसलो असतो तर निम्मी मॅच बाकी हुती ती पण गेली असती.”

मी पळतच ऑफिसात गेलो. मॅचनंतर पाहुण्या संघाला स्कोअरशीटची कार्बन कॉपी देतात. ती आमच्या फायलीत होती. मीच लावली होती, शेवटचा आकडा बघून. आता वरून वाचली. पहिला अर्धा भाग: आम्ही चार, ते तेवीस. दुसरा अर्धा भाग: आम्ही पंधरा, ते सोळा. पहिल्या भागात गुण करणारा एकटा परशराम. दुसऱ्या भागात परशराम आणि वडगावचे दोघे.

म्हणजे ज्या खेळाची ओळख पोरांना दहा मिनिटांपूर्वी झाली, त्यात ती एका गुणानं मागे राहिली होती. हा कागद दोन महिने माझ्या फायलीत पडून होता आणि मी सिंह, मूर्ती, नररत्न लिहीत बसलो होतो.

शनिवार उजाडला. कमिटी बसली. मी आधी सर्क्युलर ठेवलं, मग दुसरं पाकीट, मग स्कोअरशीट. पेटीची हकिकत सांगितली. कोर्टात आपल्याविरुद्ध बोलणं सोपं असतं, तिथे समोर परकं सरकार असतं. इथे समोर माझीच माणसं होती आणि गुन्हा खराच केलेला होता.

प्रिन्सिपॉलसाहेबांनी चष्मा काढला. “तुम्ही सरकारी टपाल उघडत नव्हता?”

“नाही.”

“किती दिवस?”

“रुजू झाल्यापासून.”

आप्पासाहेब माझ्याकडे असे बघत होते, जणू एखादं जनावर अचानक बोलायला लागलंय. “आणि पत्रकात आम्ही वैरी व्हय रं? तू कोण मग?”

मी स्कोअरशीट त्यांच्या बाजूला सरकवली.

गणिताचे प्रोफेसर कमिटीत होते. त्यांनी मुद्दा काढला, आणि मुद्दा रास्त होता. “क्लार्कची चूक सिद्ध झाली. त्यामुळे कोच लायक आहे असं सिद्ध होत नाही. नियम माहीत करून घेणं हे कोचचं काम. ऑफिसनं दिले नाहीत म्हणून हा माणूस स्वस्थ का बसला? त्यांना बोलवा.”

सरांना आत बोलावलं. ते उभेच राहिले.

“स्वस्थ बसलो न्हाय,” ते म्हणाले. “पत्र लिहिलं. उत्तर कॉलेजच्या पत्त्यावर येणार. ते आलं न्हाय.”

“एकदा स्वतः धारवाडला का गेला नाही विचारायला?”

“जायला पाहिजे हुतं,” ते म्हणाले. “ते माझं चुकलं. ऑफिस न्हाय म्हणतंय म्हणजे न्हाय, असं धरून चाललो.”

मला ओरडावंसं वाटलं. कशाला कबूल करता? सगळं माझ्यावर ढकला की! पण तो माणूस तसा नव्हता, आणि खरं सांगायचं तर प्रोफेसरांच्या चेहऱ्यावरचा ताण त्या एका वाक्यानं उतरला. माझ्या अख्ख्या पत्रकानं उतरला नव्हता.

“आता दुसरं सांगा,” आप्पासाहेब म्हणाले. “कोर्ट मोडून आखाडा केला तर तुमचं काय म्हणणं?”

“आखाडा वाईट न्हाय, साहेब. मी स्वतः लंगोट घातलेला माणूस हाय. पर कुस्तीला वडगावची पोरं येणार न्हाईत. त्यांचं अंग त्यात बसत न्हाय. हितं बसतंय.”

सरांना बाहेर पाठवलं. आप्पासाहेबांनी स्कोअरशीट पुढे ओढली. निपाणीच्या बाजारात मी तंबाखूची खरेदी बघितली आहे. व्यापारी पेंडीचं वरचं पान बघत नाही, ते विकणाऱ्यानं सजवलेलं असतं. तो मधे हात खुपसतो, आतलं पान ओढून काढतो, चुरगळतो, वास घेतो. आप्पासाहेबांनी त्या कागदाचं तसंच केलं. शेवटच्या आकड्यावर बोट ठेवलंच नाही. मधल्या ओळी वाचल्या. पुन्हा वाचल्या. एकदा मला विचारलं, “हे दोघं कोण?”

“वडगावचे. विणकरांची पोरं.”

“आधी कुठं हुती?”

“बाकावर.”

“आणि हे समदं त्या इंटरव्हलमधे?”

“हो.”

मग मत घेतलं. मुदतवाढीच्या बाजूनं दोन हात वर झाले, प्रिन्सिपॉलसाहेब आणि कमिटीतले डॉक्टर. विरुद्ध दोन, गणिताचे प्रोफेसर आणि खजिनदार. राहिले आप्पासाहेब. ते आखाड्याचे. बाहेर व्हरांड्यात सर उभे होते, त्यांची सावली दाराखालून आत आलेली दिसत होती. ती हलत नव्हती.

“माझा निकाल असा,” आप्पासाहेब म्हणाले. “तीन वर्षं न्हाय. माणूस भिडस्त हाय. तीनदा विचारून गप बसला. चौथ्यांदा ह्या पोराच्या टेबलावर मूठ आपटायला पाहिजे हुती. पर माल खोटा न्हाय. एक वर्ष द्या. कोर्ट ऱ्हाऊ दे. पुढच्या साली धारवाडला मी सोता जाऊन बघणार. आणि ह्या पत्रकवाल्याला मोकळा करा. सर्क्युलर घरात ठेवून जगाला चोर म्हणणारा माणूस मला जिमखान्यात नको.”

ठराव झाला. सरांना एक वर्ष. मला महिनाअखेरची मुदत.

बाहेर आल्यावर मी सरांना सांगितलं. त्यांनी विचारलं, “आणि तुमचं काय?”

“गेलो.”

“वाईट झालं,” ते म्हणाले. मग म्हणाले, “पर बरोबर झालं.”

दोन्ही वाक्यं त्यांनी मनापासून म्हटली. मी वाद घातला नाही. आजही घालत नाही. अन्यायाविरुद्ध मी आताही लिहितो, निपाणीत बिडी वळणाऱ्या बायकांसाठी लिहितो, आणि मऊ लिहीत नाही. फक्त लिहिण्याआधी जाऊन त्यांच्या ओळीत बसतो, वळलेल्या बिडीचा कट्टा मुकादम कसा तपासतो, चांगला माल खराब म्हणून कसा बाजूला काढतो, ते बघतो. त्यात दोन-तीन दिवस जातात. पत्रक त्यामुळे आखूड होतं, आणि मुकादमाला खोडता येत नाही.

पुढच्या मोसमात संघ सेमीफायनलला हरला. फरक तीन गुणांचा. आप्पासाहेब खरंच गेले होते बघायला. सरांची मुदतवाढ पुन्हा कमिटीपुढे आली, तेव्हा कॉलेजची दोन-तीन पोरं माझ्याकडे पत्रक मागायला आली. मी त्यांना म्हणालो, लिहितो, पण आधी सांगा, सर शिकवतात कसं? एकानं सांगायला सुरुवात केली आणि अर्धा तास थांबला नाही. मी म्हणालो, मग पत्रक कशाला पाहिजे? हेच कमिटीपुढे जाऊन सांग.

तो गेला. सरांना दोन वर्षं मिळाली.

माझं टेबल त्यांच्या मैदानापासून शंभर पावलांवर होतं. दोन वर्षं मी तिथे बसून त्यांच्या बाजूनं होतो, आणि एकदाही उठून बघायला गेलो नव्हतो.